शाळेची बस, नातू आणि पंधरा पावलांवरचा बिबट्या

डोंगरपायथा (मुलुंड पश्चिम)

नमस्कार. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या एका वसाहतीत मी गेली बावीस वर्षे राहते. आमच्याकडे बिबट्या येतो हे ऐकून ठाऊक होते, आणि रखवालदाराने एकदा ओल्या सिमेंटवर उमटलेले त्याचे ठसेही दाखवले होते. प्रत्यक्ष जनावर मात्र गेल्या मंगळवारी पहिल्यांदा पाहिले. त्या वेळी माझा सात वर्षांचा नातू माझ्याबरोबर होता, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे.

नातवाची शाळेची बस सकाळी सहा वीसला मागच्या फाटकाशी येते. जानेवारीत त्या वेळी पूर्ण अंधार असतो. फाटकाच्या उजव्या हाताला डोंगराची माती अडवणारी दगडी भिंत आहे आणि भिंतीच्या पायाशी कचऱ्याचे दोन मोठे डबे आहेत. त्या दिवशी एक गोष्ट मला आधीच खटकली होती, पण तिचा अर्थ नंतर लागला. रोज डब्यांपाशी अंगाचे वेटोळे करून झोपणारी दोन्ही कुत्री जागेवर नव्हती. नातवाच्या बुटाची नाडी सुटली म्हणून तो बांधायला वाकला, मी सहज मान वर केली, आणि भिंतीवर बिबट्या बसलेला दिसला. अंतर पंधरा पावले होते. दुसऱ्या दिवशी उजेडात मी ते चालून मोजले.

फाटकावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या अर्ध्या अंगावर पडला होता. शेपटी भिंतीवरून खाली लोंबत होती आणि तिचे टोक तेवढे सावकाश हलत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता, वाकलेल्या मुलाकडे पाहत होता. हे मी खात्रीने सांगते, कारण मी न वाकता नातवाचा दंड धरून त्याला उभे केले आणि तसेच कडेवर घेतले, तेव्हा त्या जनावराची मान किंचित वर झाली आणि त्याची नजर पहिल्यांदा माझ्यावर आली. मी ओरडले नाही. खरे सांगायचे तर घशातून आवाजच निघाला नसता. पाठ न फिरवता मी एकेक पाऊल मागे सरकत जिन्यापर्यंत आले. नातू माझ्या कानात "आजी, वाघ" एवढेच म्हणाला. बिबट्या आणखी थोडा वेळ पाहत राहिला, मग वळला आणि भिंतीपलीकडे उतरला. उतरल्याचा आवाज झाला नाही. काही क्षणांनी वरच्या उतारावरून सागाचे वाळके पान मोडल्याचा आवाज आला, तेवढाच.

आता माझा प्रश्न. माझा मुलगा कामानिमित्त कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या डोंगरांत माउंटन लायन नावाची मोठी रानमांजरे असतात आणि त्यांच्याविषयीच्या सूचना त्याने मला पाठवल्या. हात वर करून मोठे दिसावे, नजर रोखावी, जोराने ओरडावे, जवळ आल्यास दगड मारावेत आणि अंगावर आल्यास लढावे, असे त्यात म्हटले आहे. आमचा रखवालदार येऊरच्या पाड्यावर वाढलेला आहे. तो म्हणतो, "बाई, उभं राहायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. त्याच्या वाटेत आपण शिरायचं नाही." दोन्ही सल्ले अनुभवातून आलेले दिसतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. पुन्हा असा प्रसंग आला तर मी काय करावे? शिवाय, पिंजरा लावून बिबट्याला पकडून न्यावे अशा अर्जावर आमच्या वसाहतीत सह्या गोळा होत आहेत. तो कागद दोन दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. सही करावी की नाही, हे मला ठरवता येत नाही.


करवंद (बोरिवली पूर्व)

ताई, सर्वांत आधी हे सांगतो की आपण त्या क्षणी जे केले ते शिकवूनही अनेकांना जमत नाही. उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत आणि शाळांत बिबट्याविषयी माहिती देण्याचे काम मी बारा वर्षे स्वयंसेवक म्हणून करतो आहे. "मूल वाकलेले असताना त्याची नजर मुलावर होती आणि मूल उभे राहिल्यावर ती हलली" हे आपण लिहिलेले वाक्य मी यापुढे प्रत्येक शाळेत सांगणार आहे.

बिबट्या भक्ष्य ओळखतो ते आकार आणि उंची पाहून. उभा माणूस त्याच्या नेहमीच्या भक्ष्यात बसत नाही, पण वाकलेला, उकिडवा बसलेला किंवा एकटा चालणारा लहान मुलगा अंधारात त्याला चितळाच्या पाडसाएवढा किंवा कुत्र्याएवढा दिसतो. मुंबईत पूर्वी झालेल्या हल्ल्यांत लहान मुले आणि अंधारात उघड्यावर शौचाला बसलेली माणसे मोठ्या संख्येने सापडली, त्यामागे हेच कारण होते. म्हणून आपण ओरडलात की नाही यापेक्षा, आपण न वाकता मुलाला उचललेत हे अधिक मोलाचे आहे.

आपल्या मुलाचा सल्ला आणि रखवालदाराचा सल्ला मला तितके विरुद्ध वाटत नाहीत. पळू नये, पाठ फिरवू नये, वाकू नये आणि मुलाला जवळ घ्यावे, यावर दोघांचेही एकमत होईल. आवाजाच्या बाबतीत मात्र मी आधी एक गोष्ट पाहायला सांगतो. त्या जनावराला निघून जायला वाट मोकळी आहे का? भिंतीवर बसलेल्या बिबट्याच्या पाठीमागे सगळा डोंगर मोकळा होता. त्याला जाण्यापुरता वेळ हवा होता आणि तो आपण दिलात. तोच बिबट्या जिन्याखाली किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात असता आणि त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर आपण उभ्या असता, तर ओरडण्याने तो आपल्याच अंगावरून बाहेर पडला असता. वस्तीत शिरलेल्या बिबट्याने माणसे जखमी केल्याच्या घटना आठवून पाहा. बहुतेक वेळा आधी गर्दी जमलेली असते, चारही बाजूंनी आरडाओरडा चाललेला असतो, छतांवर मोबाइल घेतलेली मुले असतात, आणि घाबरलेले जनावर वाट शोधत माणसांमधून धावते. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून लोकांना घरात ठेवणे, हेच पहिले काम आहे. याउलट, मोकळ्या जागी तो तुमच्याकडे टक लावून पुढे सरकत असेल, तर उंच व्हा, मोठ्या आणि ठाम आवाजात बोला, हातात असेल ते त्याच्या दिशेने फेका, पण फेकण्यासाठी खाली वाकू नका.

आता पिंजऱ्याविषयी. यावर थोडे लांबून लिहितो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात २००१ पासून उसाच्या शेतांतले बिबटे पकडून आसपासच्या जंगलांत सोडण्यास सुरुवात झाली. हेतू चांगला होता. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाचा अभ्यास केला. आधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते या मोहिमेच्या काळात सतरावर गेले, असे त्यांना आढळले. पकडलेले जनावर ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी मुलखात टाकले की ते भेदरते, भटकते आणि घराकडे परतू पाहते. इकडे रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. नवा बिबट्या, बहुधा तरुण आणि त्या भागातल्या माणसांच्या वेळा ठाऊक नसलेला, तिथे येऊन बसतो. मुंबईतही हल्ल्यांच्या बाबतीत २००२ ते २००४ ही वर्षे अत्यंत वाईट गेली. २००४ चा जून महिना तर या भागातले जुने रहिवासी अजून विसरलेले नाहीत. त्या काळात बाहेरचे बिबटे या उद्यानातही आणून सोडले जात होते.

बिबट्या किती दूरवर जातो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर वाचवून, गळ्यात माग काढणारा पट्टा बसवून माळशेज घाटात सोडण्यात आला. कार्यकर्त्यांनी त्याला आजोबा असे नाव दिले होते. रस्ते, रेल्वेमार्ग आणि वस्त्या ओलांडत जवळजवळ १२० किलोमीटर चालून तो आपल्या याच उद्यानाच्या परिसरात आला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्याविषयी बोलताना आजही माझा आवाज स्थिर राहत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. लपवलेल्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये या परिसरात ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे वेगवेगळे ओळखले गेले. एवढ्याशा जागेत इतके बिबटे राहतात, कारण उद्यानाच्या कडेला कुत्री आहेत, आणि कुत्री आहेत कारण आपला कचरा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत असतो आणि वर्षाला सुमारे १५०० कुत्री ते खातात. आपण लिहिलेत की रोज डब्यांपाशी झोपणारी कुत्री त्या दिवशी नव्हती. ताई, आपला बिबट्या माणसांसाठी आला नव्हता, त्या डब्यांसाठी आला होता. अर्ज करायचाच असेल तर डबे हलवण्याचा, कचरा रोज संध्याकाळी उचलण्याचा आणि फाटकाशी चांगला दिवा लावण्याचा करा. त्यावर पहिली सही आपली असू द्या.


सचिव, एक गृहसंस्था (कांदिवली पूर्व)

करवंद यांचे लेखन मी आदराने वाचले, पण संस्थेच्या सचिवाच्या खुर्चीत बसून या गोष्टींकडे पाहिले की काय दिसते तेही नोंदवू इच्छितो. दोन वर्षांपूर्वी आमच्या आवारात सलग चार रात्री बिबट्या दिसला. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दारात अकरा पालक उभे होते. जुन्नरच्या अभ्यासातले चार आणि सतरा हे आकडे मला तेव्हाही ठाऊक होते. मी ते सांगितलेही. त्यावर एका आईने मला विचारले, "माझं मूल त्या सतरांत नसेल याची हमी तुम्ही देता का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

तेव्हा पिंजऱ्याचा अर्ज करणाऱ्या लोकांना अडाणी समजू नये, एवढीच माझी विनंती आहे. ते घाबरलेले असतात आणि घाबरण्यासारखे कारणही असते. ज्याने माणसावर खरोखर हल्ला केला आहे अशा जनावराला पकडायलाच हवे, हे करवंद यांनाही मान्य असावे.


करवंद

मान्य आहे, आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. माणसावर हल्ला झाला असेल, किंवा जनावर जखमी होऊन वस्तीत अडकले असेल, तर ते पकडण्याचा निर्णय वन विभाग घेतो आणि घ्यायलाच हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे हा निर्णय गृहसंस्थेच्या ठरावाने होत नाही. माझा विरोध केवळ दिसला म्हणून पकडण्याला आहे. त्या आईच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की हमी कोणीच देऊ शकत नाही. पण पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या भिंतीवर बसलेलाच बिबट्या असेल, याचीही हमी नसते. आपल्या फाटकाशी एका महिन्यात तीन वेगवेगळे बिबटे येऊन गेले असतील. त्यांतला सर्वांत शहाणा, माणसाला टाळून राहायला शिकलेला बिबट्याच आपण पकडून नेला, तर त्या मुलाचा धोका वाढतो.


सागाची सावली (सध्या सॅन होजे, मूळची मुलुंडची)

काकू, मीही मुलुंडमध्येच वाढले आणि आता नऊ वर्षे कॅलिफोर्नियात आहे, त्यामुळे तुमच्या मुलाचा सल्ला कुठून आला हे मी सांगू शकेन.

इथे ज्याला माउंटन लायन म्हणतात त्याचेच नाव प्युमा आणि कूगरही आहे. नावात सिंह असला तरी तो सिंहाच्या किंवा बिबट्याच्या जवळचा नाही. तो मांजरांच्या दुसऱ्या शाखेतला आहे, डरकाळी फोडू शकत नाही, आणि समाधानात असला तर मांजरीसारखा गुरगुरतो. अंगाने मात्र तो आपल्या बिबट्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. त्याचे मुख्य भक्ष्य हरिण आहे. मारलेले हरिण तो पालापाचोळ्याने झाकून ठेवतो आणि पुन्हापुन्हा खायला येतो. डोंगरवाटेवर अर्धवट झाकलेले हरिण दिसले तर तिथून मुकाट्याने मागे फिरावे, असे इथे पहिल्या दिवसापासून सांगतात.

माझी स्वतःची गाठ सांता क्रूझच्या डोंगरांत पडली. ऑक्टोबरमधली संध्याकाळ होती, मी आणि माझे यजमान उतरत होतो. वाटेच्या वळणावर तीस पावलांवर तो आडवा उभा होता, वाळलेल्या गवताच्याच रंगाचा, इतका की शेपटी हलली नसती तर मी त्याच्याकडे चालत गेले असते. आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, यजमानांनी जाकीट दोन्ही हातांनी डोक्यावर पसरले आणि मी मोठ्या आवाजात, शुद्ध मराठीत, त्याला "जा, निघ इथून" असे म्हणत राहिले. तो गेला. पण जाताना वीस पावलांवर थांबून त्याने एकदा मागे पाहिले, आणि तेव्हा माझे पाय लटपटू लागले.

इथे आवाज करायला सांगतात त्याचे कारण, मला समजले तसे, असे आहे. इथल्या डोंगरात तो माणसाला क्वचित पाहतो. माणूस म्हणजे काय हे त्याला ठामपणे कळवणे गरजेचे असते, आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळे रान असल्यामुळे आवाजाने तो कोंडला जात नाही. आपल्याकडचा बिबट्या माणसांचे आवाज, रिक्षांचे दिवे आणि लग्नाचे बँड ऐकतच मोठा होतो. त्याला आपण कोण आहोत हे कळवायची गरज नसते. करवंद यांनी मोकळ्या वाटेविषयी लिहिले आहे ते वाचून इतक्या वर्षांनी मला दोन्हीकडच्या सूचनांतले नाते समजले.

ऑक्टोबर २०२० मध्ये युटा राज्यातली एक घटना खूप गाजली. धावायला गेलेल्या एका माणसाला वाटेत पिल्ले दिसली आणि पिल्लांची आई जवळजवळ सहा मिनिटे त्याच्यामागे येत राहिली. ती अधूनमधून पंजे आपटत अंगावर झेपावल्यासारखे करत होती आणि तो सतत बोलत उलटा चालत होता. शेवटी त्याने दगड उचलून फेकला तेव्हा ती परत फिरली. तिला त्याला खायचे नव्हते, पिल्लांपासून लांब न्यायचे होते. त्या सहा मिनिटांत तो एकदाही पाठ दाखवून पळाला नाही, म्हणून वाचला असे मला वाटते.

धोका नाहीच असे मी म्हणणार नाही. उत्तर अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांत प्युमाच्या हल्ल्यांत मेलेल्या माणसांची संख्या तीसपेक्षा कमी आहे. तरी मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन भावांवर हल्ला झाला आणि त्यांतला एक गेला. त्याआधीची या राज्यातली अशी जीवघेणी घटना २००४ ची होती. त्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळातही बाकी कोणता विषय निघाला नाही.

आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध ग्रिफिथ पार्क नावाची एक टेकडी आहे, क्षेत्रफळ जेमतेम सतरा चौरस किलोमीटर. तिथे २०१२ पासून दहा वर्षे एक नर प्युमा एकटा राहिला. दोन अवाढव्य महामार्ग ओलांडून तो तिथे आला होता, आणि जोडीदारीण कधीच मिळाली नाही. संशोधकांनी त्याला पी-२२ हे नाव दिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये, वाहनाच्या धडकेच्या जखमा आणि आजार यांमुळे त्याला शांतपणे मरण द्यावे लागले, तेव्हा शहराने त्याच्यासाठी रीतसर शोकसभा घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या शहराजवळच्या दहा पदरी महामार्गावर प्राण्यांसाठी माती आणि झाडे असलेला पूल बांधायला सुरुवात झाली होती. आजोबाची हकीकत वाचताना मला पी-२२ आठवला. उद्यानाच्या कडेने जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावरून गेले की मला नेहमी वाटते, असा पूल आपल्याकडे का नसावा?


आरेचा रहिवासी

मी वारली आहे. आमचे घर उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतल्या एका पाड्यावर आहे आणि माझ्या आजोबांच्या आजोबांचेही तिथेच होते. इथे सगळे बिबट्याविषयी बोलत आहेत, तर आम्हीही दोन गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

आमच्याकडे वाघोबा हा देव आहे. लाकडावर किंवा दगडावर त्याचे रूप कोरलेले असते, शेजारी चंद्र-सूर्य असतात, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. देव मानतो म्हणजे त्याच्याजवळ जातो असे नाही. देव मानतो म्हणजे त्याची वेळ आणि त्याची वाट सोडतो. अंधार पडल्यावर आम्ही एकट्याने जात नाही. जायचेच झाले तर मोठ्याने बोलत किंवा गाणे म्हणत जातो, म्हणजे तो दचकत नाही. चालताना मुले मधोमध असतात, पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा. काठी हातात असते, जमिनीवर आपटायला. २०२१ मध्ये आरेत एका वयस्कर बाईंवर बिबट्याने झडप घातली आणि त्यांनी हातातल्या काठीने त्याला पळवून लावले, ते चित्रीकरण तुम्ही सगळ्यांनी पाहिले असेल. काठीचा उपयोग होतो तो असा.

पण मला दुसरी गोष्टही सांगायची आहे. २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, आरेमध्ये दीड वर्षाचीही नसलेली एक मुलगी बिबट्याने नेली. आम्ही सगळे तिच्या आईबरोबर होतो. त्या दिवशी मी वाघोबाशी भांडलो, आणि तेवढेच माणसांशीही भांडलो. बिबट्याबरोबर जगा, असे आम्हाला सांगायला पुष्कळ लोक येतात. आम्ही जगतोच आहोत. पण आमच्या पाड्यावरच्या दिव्यांसाठी आणि घराला लागून शौचालय मिळावे म्हणून आम्ही एका कार्यालयात किती चकरा मारल्या, ते मोजायचे आम्ही सोडून दिले. बाईमाणसाला पहाटे अंधारात झुडपाआड उकिडवे बसावे लागते, तेव्हा वाकू नका हा सल्ला तिने कसा पाळायचा? आजी, तुमच्या फाटकाशी दिवा होता म्हणून तो तुम्हाला दिसला. तुम्ही डब्यांसाठी अर्ज लिहाल तेव्हा त्यात आमच्या दिव्यांची एक ओळ घातलीत तर उपकार होतील. मुलुंडहून आलेल्या कागदाला कदाचित उत्तर मिळेल.

तुमच्या रखवालदाराचे म्हणणे बरोबर आहे.


डोंगरपायथा

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहिते आहे.

पिंजऱ्याच्या अर्जावर मी सही केली नाही आणि का केली नाही ते अध्यक्षांना घरी बोलावून सांगितले. ते रागावले नाहीत. कांदिवलीच्या सचिवांनी लिहिलेला त्या आईचा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला, कारण ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या भीतीला उत्तर देण्याआधी ती ऐकून घेणे मला आवश्यक वाटले. रविवारी गच्चीवर सभा झाली. पाऊण तास वाद झाला, तीन कुटुंबे अजूनही पिंजऱ्याच्याच बाजूची आहेत, पण कचऱ्याचे डबे पुढच्या फाटकाशी, रस्त्याच्या बाजूला हलवायचे आणि संध्याकाळी सातनंतर डब्यात काही टाकायचे नाही, यावर सर्वांनी होकार दिला. शाळेच्या बसला आता पुढच्या फाटकाशी थांबायला सांगितले आहे. मुले जिन्यातून एकत्र निघतात, पुढे एक पालक आणि मागे एक.

महानगरपालिकेला आणि वन विभागाला लिहिलेल्या पत्रात मी आरेच्या पाड्यांवरील दिवे आणि शौचालये यांविषयी एका ओळीऐवजी एक पूर्ण परिच्छेद लिहिला आहे. मुलुंडच्या पत्रात आरे कशाला, असे एका सभासदांनी विचारले. बिबट्या आमच्या भिंतीवरून उतरून कुठे जातो ते मी त्यांना नकाशावर दाखवले. पत्रावर चौतीस सह्या झाल्या आहेत. आरेच्या रहिवाशांनी आपल्या पाड्याचे नाव मला खासगी संदेशाने कळवले तर पत्र जाण्याआधी ते त्यात घालता येईल. सोमवारी सकाळी मी ते स्वतः नेऊन देणार आहे.

सॅन होजेच्या मुलीला एक विचारायचे आहे. माझा मुलगा तिथे एकटाच डोंगरात धावायला जातो, तेही संध्याकाळी. त्याला मी सांगितलेले पटत नाही. तू सांगून पाहशील का?

नातू रोज जिन्यातच नाडी पुन्हा एकदा घट्ट बांधून घेतो आणि मगच खाली उतरतो. काल डब्यांच्या जुन्या जागेजवळ एक कुत्रे येऊन हुंगत होते, थोडा वेळ बसले आणि निघून गेले. दुसरे मात्र त्या मंगळवारपासून दिसलेले नाही.